गाव उठले, चर्च उरले : वॉरम पर्सीच्या सेंट मार्टिन चर्चचा इतिहास

प्रश्न असा आहे : इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातल्या वॉरम पर्सी या निर्जन गावात, दरीच्या तळाशी, छप्पर नसलेले आणि अर्धा मनोरा ढासळलेले एक चर्च उभे आहे. १३४९ च्या प्लेगने हे गाव संपले असे प्रश्नकर्त्याला तिथे कुणीतरी सांगितले. मग मध्ययुगीन घरांची एक भिंतही जमिनीवर उरलेली नसताना चर्च एवढे कसे टिकले आणि त्याचा खरा इतिहास काय, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

आधी मूळ गैरसमज दूर करतो. प्लेगने हे गाव मारले नाही आणि चर्चही गावाबरोबर पडले नाही. गाव उठले ते १५०० च्या सुमारास, आणि चर्चमधली नियमित प्रार्थना थांबली ती १९४९ साली. या दोन घटनांच्या मध्ये साडेचारशे वर्षे आहेत, आणि या चर्चच्या इतिहासातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग नेमका त्याच साडेचारशे वर्षांत आहे. आपल्याकडच्या महसुली दप्तरात वस्ती न उरलेल्या गावाला ‘बेचिराख’ म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लावायला माणूस नाही असे गाव. वॉरम पर्सी १६ व्या शतकाच्या आरंभीच बेचिराख झाले होते. चर्चमधला दिवा मात्र त्यानंतर पंधरा-सोळा पिढ्या लागत राहिला. पडक्या वास्तूंची मोजमापे घेणे आणि भिंतींतले सांधे पाहून बांधकामाचा क्रम लावणे हे काम मी गेली सत्तावीस वर्षे करतो आहे, आणि एखाद्या वस्तीच्या भरभराटीचा व ओहोटीचा हिशेब इतक्या स्पष्टपणे आपल्या भिंतींवर बाळगणारी इमारत मी क्वचितच पाहिली आहे.

जागा कशी आहे ते समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही. यॉर्कशायर वोल्ड्स हा खडूच्या दगडाचा, गोलसर टेकड्यांचा आणि अरुंद दऱ्यांचा प्रदेश आहे. गाव वसले होते ते दरीच्या पश्चिमेकडच्या पठारावर. चर्च मात्र खाली, झऱ्यांच्या पाण्याजवळ. पठारावर आज फक्त गवत दिसते. पण सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे पडले की त्या गवताखालची जोती, परड्यांचे बांध आणि गावातला खोलगट रस्ता एकदम उठून दिसतो. आपल्या भाषेत सांगायचे तर गावाची पांढरी जागच्या जागी शाबूत आहे, फक्त तिच्यावर गवत चढले आहे. घरे नाहीशी झाली याचे कारणही तिथेच आहे. शेतकऱ्यांची घरे लाकडी सांगाड्याची आणि खडूच्या बुटक्या भिंतींची होती. छप्पर गेले की खडूचा दगड पाऊस आणि थंडी खाऊन काही वर्षांत भुगा होतो. चर्चचे बांधकाम अधिक भक्कम होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्यावरचे छप्पर राखायला माणसे उरली होती. ती माणसे कोण, हे पुढे येईल.

चर्चचा आरंभ दगडाचा नव्हता. १९६२ ते १९७४ या काळात चर्चच्या आतबाहेर उत्खनन झाले, तेव्हा मुख्य दालनाच्या जमिनीखाली लाकडी खांबांचे खड्डे सापडले. १० व्या शतकातल्या एका लहानशा लाकडी प्रार्थनाघराचे ते अवशेष आहेत. त्या जागी ११ व्या शतकात दोन खणांचे छोटे दगडी चर्च आले : एक खण लोकांसाठी, दुसरा वेदीसाठी. पुढे १२ व्या शतकाच्या सुमारास तेही अपुरे पडले आणि त्याला पोटात घेऊन मोठे दालन उभे राहिले. प्रत्येक वेळी आधीची वास्तू पूर्ण हलवून नवी बांधलेली नाही. जुन्याच्या भोवती किंवा जुन्यावर नवे आले आहे. वेदीची दिशा आणि जागेची पवित्रता सांभाळून केलेली ही वाढ आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या जीर्णोद्धाराची आठवण करून देते.

१२ व्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेच्या बाजूला आणि १३ व्या शतकात उत्तरेच्या बाजूला दालन वाढवले गेले. घराला पडवी काढावी तसाच हा प्रकार : मुख्य दालनाच्या सलग भिंतीत कमानी पाडायच्या आणि पलीकडे उतरत्या छपराची पडवी काढायची. पश्चिमेच्या टोकाला मनोरा चढला. १४ व्या शतकात ईशान्येला एक उपमंदिर जोडले गेले. याच काळात पर्सी घराणे इथले मालक होते. गावाच्या नावातले ‘पर्सी’ त्यांचे. चेंबरलेन नावाच्या दुसऱ्या जमीनदार घराण्याचा वाटाही १२५४ मध्ये त्यांनी आपल्याकडे घेतला होता. गाव भरलेले होते आणि रविवारी आत उभे राहायला जागा पुरत नव्हती, म्हणून पडव्या निघाल्या.

यानंतरची घसरण एका फटक्यात झालेली नाही, आणि प्लेगची कथा लोकप्रिय असली तरी ती इथेच अडखळते. पहिला घाव प्लेगच्या आधीचा आहे. १३२२ मध्ये स्कॉटिश फौजांनी यॉर्कशायरमध्ये खोलवर धाड घातली आणि पुढच्याच वर्षीच्या नोंदीत वॉरम पर्सीच्या मालकाची दोन-तृतीयांशाहून अधिक शेती पडीक आणि गिरण्या मोडकळीला आलेल्या दिसतात. मग १३४९ चा प्लेग आला. त्याने माणसे नेली हे खरेच आहे. पण १३६८ मध्ये, म्हणजे प्लेगनंतर जवळपास वीस वर्षांनी, गावात सुमारे ३० घरे नांदती होती. नव्वद वर्षांनी, १४५८ मध्ये, तो आकडा १६ वर आला होता. म्हणजे गाव मेले नाही, विरळ होत गेले. प्लेगनंतर देशभर मजुरांची टंचाई होती, मजुरीचे दर चढले होते, दुसऱ्या गावी अधिक चांगली जमीन कमी खंडाने मिळत होती. वोल्ड्सच्या उंच, पातळ मातीच्या गावात थांबण्याचे बंधन तरुण कुटुंबांना वाटेनासे झाले. गाव आधी आपल्या पायांनी रिकामे होऊ लागले, आणि उरलेल्यांना नंतर काढण्यात आले.

काढले ते मेंढ्यांसाठी. १४०३ मध्ये अदलाबदलीने ही जहागीर हिल्टन घराण्याकडे गेली होती. लोकरीला भाव होता. धान्य पिकवायला दहा माणसे लागतात तिथे मेंढ्या राखायला एक धनगर आणि कुत्रा पुरतो. १५१७ मध्ये राजाच्या आज्ञेने देशभर चौकशी झाली की कुणी कुणी नांगरटीची जमीन कुरणात बदलली आणि घरे पाडली. त्या चौकशीत वॉरम पर्सीबद्दल बॅरन हिल्टनच्या नावावर नोंद आहे : चार नांगर बंद पडले, चार घरे मोडली. एका गावाचा शेवट सरकारी दप्तरात एवढ्याच शब्दांत मावला आहे. चार कुटुंबे म्हणजे फार तर वीस माणसे. त्यांची नावे त्या नोंदीत नाहीत, ती कुठे गेली तेही लिहिलेले नाही, आणि पठारावरच्या त्या जोत्यांमधून चालताना मला दर वेळी तेच आधी आठवते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. घरे पाडणाऱ्या मालकाने चर्च का पाडले नाही? कारण चर्च त्याचे नव्हते आणि ते केवळ या गावाचेही नव्हते. इंग्लंडमध्ये पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेतला प्रदेश, आणि सेंट मार्टिन चर्चच्या पॅरिशमध्ये वॉरम पर्सीखेरीज थिक्सनडेल, बर्डेल, रेस्थॉर्प आणि टाउथॉर्प या वस्त्याही होत्या. त्यातल्या काही पुढे स्वतःच उजाड झाल्या. थिक्सनडेल मात्र आजही नांदते आहे. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांसाठी या सगळ्यांना वॉरम पर्सीलाच यावे लागे. थिक्सनडेलची माणसे टेकड्या ओलांडून कित्येक मैल चालत येत. मधल्या काळात हे चर्च हॉल्टेमप्राइस नावाच्या मठाच्या ताब्यात होते, आणि पॅरिशच्या धान्याचा दशमांश गोळा करण्याचा हक्क चर्चशी बांधलेला असल्याने ते चालू राहण्यात आर्थिक हितही होते. गाव हे मालकाच्या जमिनीवरचे होते. पॅरिश ही कायद्याने बांधलेली स्वतंत्र व्यवस्था होती. मालकाला पहिले मोडता आले, दुसरे नाही.

पण काही शतकांपूर्वी पूर्ण गावासाठी वाढवलेली इमारत आता दूरच्या मोजक्या कुटुंबांच्या माथी आली होती. इंग्लंडच्या रूढीप्रमाणे लोक बसतात त्या मुख्य दालनाची डागडुजी पॅरिशच्या लोकांनी करायची आणि वेदीच्या भागाची डागडुजी दशमांश घेणाऱ्याने. दोघांनीही तेच केले जे पैसा कमी असलेला कोणताही घरमालक करतो : जेवढे सांभाळता येईल तेवढेच ठेवले. मध्ययुगाच्या अखेरीपासून पुढे एकेक करून दोन्ही बाजूंच्या पडव्या काढून टाकल्या गेल्या आणि त्यांच्याकडे उघडणाऱ्या कमानी दगडांनी बुजवल्या. १७ व्या शतकात वेदीचा भागही आखूड झाला.

हे सगळे तिथे उघड्या डोळ्यांनी दिसते. दालनाच्या बाहेरच्या बाजूने भिंतीपुढे दहा-बारा पावलांवर उभे राहिलात की आधी साधी भिंत दिसते. थोडा वेळ नजर स्थिर ठेवली की तिच्यात कमानींचे अर्धगोल उमटू लागतात : कमानीचे घडीव दगड एकमेकांना टेकून वळण घेत जातात, खाली त्यांचे खांब भिंतीत अर्धे गाडल्यासारखे उभे असतात, आणि मधली भर वेगळ्या, कमी घडीव दगडांची असते. भर आणि कमान यांच्यामधून एक सरळ सांधा जातो. विणून बांधलेल्या भिंतीत दगड एकमेकांत गुंततात. नंतर भरलेल्या भिंतीत ते नुसते शेजारी बसतात. त्या सांध्यावर बोट ठेवले की एका बाजूला भरलेले गाव असते आणि दुसऱ्या बाजूला उठलेले. बुजवणीत जुन्या बांधकामाचेच दगड पुन्हा वापरले आहेत, कारण नव्या दगडाला पैसे नव्हते आणि पाडलेल्या पडवीचा दगड समोर पडलेला होता. मला विचाराल तर या चर्चमधली सर्वांत बोलकी गोष्ट मनोरा नाही, ही बुजवलेली भिंत आहे. ती बांधणाऱ्या लोकांना आपल्या देवघराचे अंग कापावे लागले; तरी त्यांनी ते टाकून दिले नाही.

पुढच्या तीन शतकांबद्दल थोडक्यात सांगतो. धर्मगुरूचे घर १५५३ मध्ये आगीत भस्म झाले आणि त्यावरून झालेल्या वादाचे कागद इतिहासकारांना उपयोगी पडले. १८ व्या शतकात चर्चच्या वरच्या अंगाला सुधारित पद्धतीची शेतीवाडी उभी राहिली आणि पुढच्या शतकात मोडली. चर्चजवळ आज जे विटांचे घर दिसते ते त्या नंतरच्या काळातले आहे, मध्ययुगीन नव्हे. पाहणारे पुष्कळदा ते ‘गावातले शेवटचे घर’ समजतात, तसे समजू नये.

चर्चचा खरा शेवट घडवला तो दुसऱ्या चर्चने. स्लेडमिअरचे जमीनदार सर टॅटन साइक्स यांनी या भागात अनेक चर्च बांधली आणि त्यातले एक थिक्सनडेलला, वास्तुविशारद जॉर्ज एडमंड स्ट्रीट यांच्या आराखड्यावर, १८७० मध्ये पूर्ण झाले. थिक्सनडेलच्या लोकांना आता डोंगर ओलांडण्याची गरज उरली नाही. म्हणजे वॉरम पर्सीच्या चर्चला ना राजाने बंद केले, ना आगीने, ना प्लेगने. ज्या माणसांनी ते साडेतीन शतके पायी येऊन जगवले, त्यांनाच घराजवळ प्रार्थनेची सोय झाली. त्यानंतर सत्तर-ऐंशी वर्षे ते कसेबसे चालले. १९४९ मध्ये नियमित प्रार्थना थांबली. छप्पर गेल्यावर इमारतीचे काय होते हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही : पाणी भिंतीच्या माथ्यातून आत शिरते, थंडीत गोठून फुगते आणि चुना सोडवते. १९५९ च्या अखेरीस मनोऱ्याचा पश्चिमेकडचा भाग कोसळला. आज तो मनोरा उभा चिरल्यासारखा दिसतो, त्याचे कारण हे.

१९४९ मध्ये प्रार्थना थांबली आणि १९५० मध्ये गावाचे उत्खनन सुरू झाले, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे. लीड्स विद्यापीठातले अर्थशास्त्रीय इतिहासाचे अध्यापक मॉरिस बेरेसफर्ड यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पठारावरच्या जोत्यांवर पहिल्या कुदळी मारल्या. त्यांचा प्रश्न साधा होता : ही घरेच आहेत का आणि ती केव्हा सोडली गेली? लवकरच पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट त्यांना मिळाले आणि मग दर उन्हाळ्यात काही आठवडे असे करत १९९० पर्यंत, चाळीस वर्षे, हे काम चालले. तोवर इंग्लंडमध्ये अरुंद चर खणून भिंती शोधण्याची रीत होती. हर्स्ट यांनी मोठे क्षेत्र एकदम उघडून थर-थर उतरवण्याची पद्धत इथे रुजवली, कारण खडूच्या बुटक्या भिंती चरात नुसत्या दगडांच्या ढिगासारख्या दिसतात आणि उघड्या मैदानात घराच्या. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी अनेक हंगाम सलग खपून ताम्रपाषाणयुगीन वस्ती अशीच क्षेत्रभर उघडली होती. काळ आणि संस्कृती पूर्ण वेगळी, पण एकाच खेड्याशी एवढा दीर्घ संसार करण्याची चिकाटी तीच. असे दीर्घ काम आपलीच मते दुरुस्त करते. आरंभी असे मानले गेले की इथली शेतकऱ्यांची घरे इतकी कच्ची होती की दर पिढीला नवी बांधावी लागत. पुढे स्टुअर्ट राथमेल यांनी त्याच पुराव्याचा फेरविचार करून दाखवले की भिंती वारंवार दुरुस्त होत, पण छपराचा भार जमिनीपासून निघणाऱ्या वाकड्या तुळयांवर असल्याने मूळ सांगाडा दीर्घकाळ टिकत असे.

चर्चच्या आवारातून आणि आतून ६८७ सांगाडे शास्त्रीय पद्धतीने काढले गेले. यांच्याबद्दल लिहिताना एक सावधगिरी हवी, जी पुष्कळ लेखांत पाळली जात नाही : हे सगळे वॉरम पर्सीचे गावकरी नव्हेत, पूर्ण पॅरिशची माणसे आहेत, आणि ती जवळपास नऊ शतकांत पसरलेली आहेत. तरीही खेड्यातल्या सामान्य माणसांच्या शरीराचा एवढा मोठा दस्तऐवज दुर्मीळ आहे. अस्थितज्ज्ञ सायमन मेज यांच्या अभ्यासातून दिसते की तान्ही बाळे सुमारे दीड वर्षापर्यंत आईच्या दुधावर होती आणि तोवर त्यांची वाढ चांगली होती. दूध सुटले की मात्र वाढ मागे पडे; चौदा वर्षांच्या मुलाची उंची आजच्या दहा वर्षांच्या मुलाएवढी भरते. एका चाळिशीच्या माणसाच्या कवटीला मोठा मार बसलेला आहे आणि त्यावर कवटीला छेद देऊन केलेला उपचार भरून आलेला आहे. म्हणजे तो जगला. ११ व्या शतकाच्या आसपासच्या एका खेड्यात त्याला कुणीतरी हे करू शकणारे भेटले होते.

जळालेल्या हाडांबद्दलही हल्ली पुष्कळ लिहिले जाते, म्हणून तेही स्पष्ट करतो. २०१७ मध्ये हिस्टॉरिक इंग्लंड ही वारसा जतनाची सरकारी संस्था आणि साउथॅम्प्टन विद्यापीठ यांच्या संशोधकांनी किमान दहा व्यक्तींच्या १३७ हाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती ११ व्या ते १४ व्या शतकातली आहेत, त्यांवर सुरीच्या आणि घावांच्या खुणा आहेत, काही जाळलेली आहेत. ती चर्चच्या आवारात नव्हे, वर गावठाणातल्या खड्ड्यांत सापडली. दातांच्या रासायनिक तपासणीवरून ती माणसे परकी नव्हती, याच परिसरात वाढलेली होती. मेलेला माणूस उठून त्रास देतो या समजुतीपायी हे केले असावे, हा अर्थ संशोधकांना पुराव्याशी सर्वांत जुळणारा वाटला. दुष्काळातल्या नरमांसभक्षणाची शक्यताही त्यांनी विचारात घेतली. मला पहिला अर्थ पटतो. ज्यांना पवित्र मातीत जागा नाकारली गेली, अशी ही माणसे असावीत. खालच्या दफनभूमीत शांत, पूर्वेकडे पाय करून ठेवलेली माणसे आणि वरच्या खड्ड्यातली ही हाडे एकाच समाजाची आहेत, हे विसरून चालणार नाही.

जाता जाता एक गोष्ट आपल्या वाचकांसाठी. पडके चर्च म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वसईचा किल्ला येतो. तिथे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर पोर्तुगीज निघून गेले आणि चर्चच्या छपरांना वाली उरला नाही. एक तारीख, एक युद्ध, आणि ओसाडपणा. त्या नमुन्यावरून वॉरम पर्सी समजून घेऊ गेल्यास माणूस आपोआप एखादा प्लेग किंवा एखादी लढाई शोधू लागतो. इथे तसे काहीही नाही. इथे खंडाचे दर आहेत, लोकरीचा भाव आहे, मालकाचा निर्णय आहे आणि पाच वस्त्यांचा एक पॅरिश आहे.

पुन्हा जाणे झाले तर आधी खाली चर्चकडे धावू नका. पठारावर घरांच्या जोत्यांमधून चालत या, आणि मग ज्या उताराने गावकरी रविवारी उतरत त्याच बाजूने दरीत उतरा. चर्चला बाहेरून पूर्ण फेरी घाला आणि बुजवलेल्या कमानी दोन्ही भिंतींवर मोजा. मगच आत जा आणि त्याच कमानी आतल्या बाजूने ओळखून पाहा. वर उघडे आकाश असल्याने उजेड भरपूर मिळतो, आणि पाऊस नुकताच पडून गेला असेल तर ओल्या दगडात मूळ भिंत आणि नंतरची भर यांच्यातला सांधा अधिक ठळक दिसतो.